टॉप सीक्रेटला फूल कमी, गोल्ड स्ट्राइकची दांडी आखूड: जात बदलू का?

प्रश्न शिरूरकडच्या एका तरुण शेतकऱ्याचा आहे. २० गुंठ्यांचं डच गुलाबाचं पॉलिहाऊस, लागवडीला दोन वर्षं होत आली. अर्ध्यात टॉप सीक्रेट ही लाल जात, अर्ध्यात गोल्ड स्ट्राइक ही पिवळी, आणि दोन्हीचं पाणी-खत एकाच व्हॉल्व्हवर. लाल फूल मोठं येतं पण संख्या कमी. पिवळ्याला फुलं भरपूर पण दांडी ४० सेंटिमीटरच्या पुढे सरकत नाही. ऑगस्टमध्ये दोन्हीकडे वांझ, म्हणजे टोकाला फूल नसलेल्या, फांद्यांचा सुळसुळाट झाला. गेल्या वर्षी मावळातल्या मित्राच्या हिशेबाने व्हॅलेंटाइनसाठी २२ डिसेंबरला कट मारला, म्हणजे नवी फूट एकदम यावी म्हणून फांद्या कापल्या, ७ फेब्रुवारीला धरलेला माल १४ तारखेला तोडणीला आला. आता ते विचारतात, जात बदलू का, आणि फूल यायला कुठलं खत किंवा टॉनिक सोडू?

जात बदलू नका. टॉनिकही राहू द्या, त्याचे पैसे वाचवा. पवनमावळात मी गेली वीसेक वर्षं डच गुलाब करतोय, त्यातल्या पहिल्या तीन-चार वर्षांत मीही हेच दोन प्रश्न घेऊन भेटेल त्याला विचारत फिरायचो.

मुळात एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. गुलाबाला फूल ‘आणावं’ लागत नाही. शेवंतीला लागतं, तिला रात्र मोठी झाल्याशिवाय कळी धरता येत नाही, म्हणून शेवंतीवाले दिवे लावतात, काळं कापड ओढतात. कट फ्लॉवरच्या गुलाबाला दिवस मोठा की रात्र मोठी याच्याशी काही देणंघेणं नाही. डोळा फुटला, कोंब निघाला, की त्याच्या टोकाला फूल धरणारच. खत घाला न घाला, तो त्याचा धर्म आहे.

विश्वास बसत नसेल तर उद्या सकाळी एक काम करा. नुकता फुटलेला, बोटाच्या दोन पेरांएवढा, तांबूस कोंब खुडून आणा. दाढीच्या नव्या ब्लेडने मधोमध उभा चिरा आणि दहा पटीच्या भिंगातून टोकाकडे बघा (हे भिंग थ्रिप्स-कोळी या बारीक किडी बघायला तुमच्याकडे असेलच, नसेल तर आधी ते घ्या). कोवळी पानं एकात एक दुमडलेली दिसतील आणि त्यांच्या पोटात, खसखशीच्या दाण्याहून बारीक, एक हिरवट चपटा घुमट. ते तुमचं फूल. बाहेरून नुसता कोंब दिसतो, पण आत कळी धरलेली असते. डोळा फुटल्यापासून साधारण दोन आठवड्यांत हे सगळं उरकतं. त्या फांदीला पानं किती येणार यातली बरीचशी गणती तर डोळा झोपलेला असतानाच ठरून गेलेली असते. सहा-सात पानांचे अंकुर त्यात आधीपासून असतात. उरतं ते दोन पानांमधलं पेर लांबणं आणि कळी फुगणं. आपल्या हातात असतं ते एवढंच, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे धरलेली कळी मरू न देणं.

आता ऑगस्टच्या वांझ फांद्यांकडे या. वांझ फांदीला फूल आलंच नाही असं आपण म्हणतो. तिचं टोक भिंगाखाली धरा. शेवटच्या पानाच्या बगलेत तपकिरी, वाळलेला, तिळाच्या टोकाएवढा ठिपका सापडेल. फूल आलं होतं, उपाशी मेलं. कोंब दोन आठवड्यांचा झाल्यापासून कळी वाटाण्याएवढी होईपर्यंतचा काळ त्याच्यासाठी फार नाजूक. त्या दिवसांत झाडाकडे अन्न कमी पडलं की झाड आधी मुळं आणि जोमदार फांद्या सांभाळतं आणि बारक्या फांदीच्या कळीचा बळी देतं. त्यामुळे आज दिसलेली वांझ फांदी ही दोन-तीन आठवड्यांपूर्वीची बातमी असते. ऑगस्टमध्ये वांझ फांद्या बघून तुम्ही ऑगस्टमध्ये खत वाढवलंत, पण गडबड जुलैच्या अखेरीला झाली होती.

गडबड उजेडाची. पावसाळ्यात ढग असतात हे तुम्हालाही माहीत आहे, ढगांचं कुणी काही करू शकत नाही. पण तुम्ही पाठवलेल्या फोटोत तीन गोष्टी दिसतात आणि तिन्ही तुमच्या हातातल्या आहेत. पहिली, वरचा कागद. दोन वर्षांची धूळ आणि गटरच्या बाजूने हिरवं शेवाळ. २०० मायक्रॉनचा कागद तीन वर्षं टिकतो म्हणून तो तीन वर्षं सारखाच उजेड देतो असं नाही. हॉलंडचे उत्पादक एक टक्का उजेड म्हणजे एक टक्का उत्पादन असा ठोकताळा धरतात आणि त्यासाठी काचा धुण्याची यंत्रं छपरावर फिरवतात. आपण मेमध्ये, पावसाच्या तोंडावर, दोन माणसं आणि मऊ झाडू लावून कागद धुतला तरी पुष्कळ.

दुसरी, शेडनेट. मार्च-एप्रिलच्या उन्हासाठी ओढलेली ५० टक्क्यांची नेट जूनमध्ये गुंडाळायची राहून गेलीय. हसू नका, माझ्याकडेही एका वर्षी १५ ऑगस्टला झेंडावंदन करून आल्यावर वर बघितलं तेव्हा लक्षात आलं होतं. आधीच निम्मा झालेला उजेड आपणच पुन्हा निम्मा करून वर बुरशीनाशकाच्या फवाऱ्यांची बिलं भरत होतो.

तिसरी, बेडमधली गर्दी. बारीक, पेन्सिलपेक्षा कमी जाडीच्या फांद्या फूल देतील या आशेने तुम्ही उभ्या ठेवल्यात. त्या स्वतः वांझ राहतातच, वर खालच्या डोळ्यांवर सावली धरतात. पानांतून गाळून खाली पोचलेल्या उजेडातला लाल रंग पानांनी खाल्लेला असतो. तसल्या उजेडात झाडाच्या बुंध्याकडचे डोळे झोपून राहतात आणि तळातून जोमदार कोंब, ज्याला आपण बॉटम ब्रेक म्हणतो, तो निघायचा थांबतो. तुमच्या लालचं फूल कमी का, याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

म्हणून या बारक्या फांद्या कापायच्या नाहीत, वाकवायच्या. बेंडिंग तुम्ही पहिल्या चार महिन्यांत केलंत आणि नंतर सोडून दिलंत, असं दिसतंय. ते कायमचं काम आहे. वाकवलेली फांदी फूल देत नाही पण तिची पानं कारखान्यासारखी अन्न करत राहतात, ते मुळांकडे आणि नव्या कोंबांकडे जातं. शिवाय मध्यभाग मोकळा होऊन बुंध्यावर ऊन पडतं. वेळ दुपारची धरा, एक ते चारची. सकाळी फांदी पाण्याने टच्च भरलेली असते, काकडीसारखी कट्कन मोडते. दुपारी ती जरा मऊ पडते. बुंध्यापासून वीतभर अंतरावर दोन्ही हातांच्या चिमटीत धरून आधी किंचित पीळ द्यायचा. आतलं लाकूड चिरल्याचा बारीक आवाज येतो, पण साल अखंड राहिली पाहिजे. मग वाटेच्या बाजूला, आडव्याच्या जरा खाली झुकेल अशी बसवायची. टोकाची कळी वाटाण्याएवढी झाली की खुडून टाकायची. वाकवलेली पानं जमिनीला टेकू द्यायची नाहीत, नाहीतर बोट्रायटिस आणि डाउनी हे बुरशीचे रोग पहिले तिथेच बसतात. आमच्याकडच्या एक मावशी हे काम असं करतात की दिवसाला दोन-तीनशे मीटर बेड होतो आणि एक फांदी मोडत नाही. मला अजून ते जमत नाही, दहातली एक मोडतेच.

आता जातींचं. एकाच छपराखाली दोन जाती म्हणजे दोन पिकं आहेत, हे तुम्ही धरलेलं नाही. मोठ्या बोंडाची जात संख्येला कमीच असते, लहान बोंडाची संख्येला जास्त. झाडाकडे अन्न तेवढंच, ते तीन मोठ्या घासांत संपवायचं की पाच लहान, हे जातीच्या रक्तात आहे. टॉप सीक्रेटकडून गोल्ड स्ट्राइकएवढी संख्या मागणं म्हणजे म्हशीकडून गायीएवढं पातळ दूध मागण्यासारखं झालं. डच गुलाबाला आपल्याकडे चांगल्या व्यवस्थापनात वर्षाला चौरस मीटरमागे दीडशेच्या पुढे फुलं निघतात. पण हा आकडा कुठल्या जातीचा, कुठल्या लांबीचा, हे विचारल्याशिवाय त्याच्याशी स्वतःची तुलना करू नका. रोपवाटिकेच्या रंगीत पत्रकातला आकडा तर कधीच नाही. तो बहुधा दुसऱ्याच हवेतला असतो. केनियात नैवाशा सरोवराकाठी समुद्रसपाटीपासून १,८०० मीटरहून जास्त उंचीवर, विषुववृत्ताजवळ, वर्षभर बारा तासांचा लख्ख दिवस आणि गार रात्र मिळते. तिथल्या टॉप सीक्रेटचं बोंड आणि आपलं बोंड शेजारी ठेवलं तर जात एकच आहे यावर विश्वास बसणार नाही. गारव्यात फूल सावकाश वाढतं, पाकळ्या जास्त धरतात, दांडी लांबते. उष्णतेत सगळं घाईने होतं: बोंड लहान, पाकळ्या कमी, दांडी आखूड, लाल रंगही फिका. तुमच्या एप्रिल-मेच्या मालाबद्दल म्हणूनच फार मनाला लावून घेऊ नका. पाण्याचं धुकं सोडणारे फॉगर वेळेवर चालू आणि नेट दुपारी ओढलेली असली की त्या महिन्यात तेवढंच होऊ शकतं.

गोल्ड स्ट्राइकची दांडी आखूड का, याचं कारण मात्र हवा नाही, कात्री आहे. तुमचा तोडणीचा व्हिडिओ मी तीनदा बघितला. बाया दोन्ही जातींत एकाच उंचीवर, म्हणजे हाताला सोयीच्या उंचीवर, कापत चालल्यात. फांदीवर प्रत्येक डोळा सारखा नसतो. वरच्या, कळीजवळच्या तीन पानी पानाच्या बगलेतला डोळा लवकर फुटतो, पण त्याची फांदी आखूड आणि बारीक. खाली जाल तसा डोळा आळशी, फुटायला चार दिवस जास्त घेणार, पण फांदी लांब आणि जाड देणार. म्हणून नियम असा की खालून दोन पाच पानी पानं ठेवायची आणि दुसऱ्या पानाच्या वर अर्धा सेंटिमीटर, किंचित तिरका काप घ्यायचा. आणखी एक गोष्ट नजरेत ठेवा: नवी फांदी आपल्या आईपेक्षा जाड होत नाही. बारीक फांदीवर काप घेतला की पुढची त्याहून बारीक, तिच्यावर पुढची आणखी बारीक. तुमच्या पिवळ्या झाडांवर असे पाच-सहा मजले चढलेत आणि वर काड्यांची झाडणी झालीय. अशा झाडावर वर्षातून एकदा तरी खाली उतरावं लागतं, म्हणजे शेवटच्या सांध्याच्या खाली, जुन्या जाड लाकडात कट. ज्याला आपल्याकडे अंडरकट म्हणतात तो.

खाली उतरलात की तो फ्लश, म्हणजे फुलांचा तो बहर, मार खातो, आठवडा-दहा दिवस उशीर होतो आणि संख्या पडते. हा सौदा आहे आणि तो तुमच्या गिऱ्हाइकाकडे बघून करायचा. गुलटेकडीला किंवा दादरला लग्नसराईत ४० सेंटिमीटरचा बंच सहज जातो, सजावटवाल्यांना दांडी कापूनच टाकायची असते. पिवळा तर हळदीला हमखास लागतो. तिथे लांबीच्या मागे लागून संख्या घालवण्यात शहाणपण नाही. माझ्या मते तुम्ही पिवळ्याचे निम्मे बेड आता, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, खाली उतरवा आणि निम्मे तसेच चालू ठेवा. लग्नाचे मुहूर्त सुरू होतील तेव्हा दोन्हीकडून माल येत राहील. लालमध्ये मात्र लांबीच विकली जाते, तिथे दोन पानांचा नियम मोडायचा नाही. बायांना तोंडी सांगून हे होत नाही. पहिले आठ दिवस सकाळी सहाला त्यांच्याबरोबर तुम्ही स्वतः कात्री घेऊन उतरा.

खताबद्दल थोडक्यात, कारण तुमचा सगळा प्रश्न खतावर उभा असला तरी मला तिथे मोठा रोग दिसत नाही. एक सोडून: बोअरचं पाणी. तुमच्या अहवालात पाण्याचीच ईसी, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप, १.१ आणि सामू (पीएच) ८ च्या वर आहे. त्यात तुम्ही तेरा शून्य पंचेचाळीस, बारा एकसष्ट वगैरे विद्राव्य खतं टाकून ड्रिपला २.२ ईसीने सोडता. निम्मी जागा क्षारांनीच अडवलेली. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात ती लोहाची कमतरता, पण लोह मातीत आहे, चढ्या सामूमुळे मुळांना ते उचलता येत नाही. अ‍ॅसिडने सामू साडेपाच ते सहाच्या दरम्यान आणून मगच खत सोडा, लोह चिलेटेड, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा, स्वरूपात द्या. कॅल्शियम नायट्रेटची टाकी वेगळी ठेवताय ना? फोटोत एकच निळी टाकी दिसते म्हणून विचारतो. सल्फेट किंवा फॉस्फेटबरोबर एकत्र कालवलंत तर तळाशी पांढरा गाळ बसतो, खत तिथेच संपतं आणि ड्रिपर बुजतात ते वेगळं. आणि दोन जातींचे व्हॉल्व्ह वेगळे करा. फार तर एका दिवसाचं प्लंबिंगचं काम आहे. जास्त पानोऱ्याची, जास्त फुटव्याची जात जास्त पाणी पिते. एकाच व्हॉल्व्हवर एक ओली राहणार नाहीतर दुसरी तहानेली.

मावळात आम्हाला पाण्याचं हे दुखणं फारसं नाही, पाऊसच इतका असतो. पण छपराचं पाणी शिरूरलाही पडतंच. २० गुंठे म्हणजे दोन हजार चौरस मीटर छप्पर. वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस झाला तरी गटरमधून दहा लाख लिटर वाहून जातं. तुमच्या तेरा हजार झाडांना रोजचं दहा-बारा हजार लिटर धरलं तर ते ऐंशी ते शंभर दिवसांचं पाणी, आणि बोअरमध्ये निम्मं-निम्मं मिसळलं तर पाच-सहा महिन्यांचं. टॉनिकच्या पैशात गटरला पाइप जोडून शेततळ्यात सोडा.

आता व्हॅलेंटाइन, जिथे तुमचं खरं नुकसान झालं.

मित्राने सांगितलेले ४७ दिवस खोटे नव्हते. ते त्याच्या पॉलिहाऊसचे होते. २२ डिसेंबरमध्ये ४७ दिवस मिळवले की ७ फेब्रुवारी येते, तुम्हाला लागले ५४, म्हणून १४ फेब्रुवारी. हे सात दिवस कुठून आले? गुलाब कॅलेंडर मोजत नाही, ऊब मोजतो. साधारण ५ अंशांच्या खाली त्याची वाढ जवळजवळ थांबते. त्याच्या वर दिवसाचं सरासरी तापमान जितकं, तितके गुण त्या दिवसाचे. दिवसरात्रीची सरासरी २१ अंश असेल तर रोजचे १६ गुण, १९ असेल तर १४. आता गुणाकार करा. ४७ दिवस गुणिले १६ म्हणजे ७५२. ५४ दिवस गुणिले १४ म्हणजे ७५६. बेरीज तीच! तुमच्या मित्राने रात्री पॉलिहाऊसच्या बाजूचे पडदे पाडले होते, तुमचे तुम्हीच लिहिल्याप्रमाणे उघडे होते. सरासरीत दोन अंशांचा फरक, तोडणीत एक आठवडा. आत्ता सप्टेंबर-ऑक्टोबरात सरासरी २४ च्या आसपास असते तेव्हा हीच जात चाळीस दिवसांत येते, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. (कडक उन्हाळ्यात हा हिशेब बिघडतो, फार उष्णतेत झाड नुसतं श्वास घेत बसतं. पण हिवाळ्याला तो चांगला लागू पडतो.)

७५० हा आकडा मात्र तुम्ही माझा घेऊ नका. तो उदाहरणासाठी आहे. जातीजातीत पाच-सात दिवसांचा फरक असतोच. तुमचा आकडा तुमच्या झाडांकडून काढायचा. त्याला खर्च एक लोकरीचा गुंडा आणि एक कमाल-किमान तापमापक. प्रत्येक जातीत वेगवेगळ्या बेडवर वीस फांद्या निवडा, काप घेतला त्या दिवशी खाली सैलसर लोकर बांधा, वहीत तारीख लिहा. डोळा फुगलेला दिसला ती तारीख, कळी वाटाण्याएवढी झाली ती, कळीने रंग दाखवला ती, तोडली ती. रोज सकाळी झाडाच्या उंचीवर, सावलीत टांगलेल्या तापमापकाचं कमाल आणि किमान. दारात टांगलेला नको, तिथलं तापमान झाडाचं नसतं. वाटाण्याची तारीख मला सगळ्यात उपयोगी वाटते. काप घेतल्यापासून फुटीपर्यंत झाड थोडं लहरी असतं, पण वाटाणा दिसल्यावर पुढचे दिवस फार इमानदार असतात. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात शंभर वाटाणे मोजले की किती माल कुठल्या आठवड्यात येणार हे व्यापाऱ्याला छातीठोक सांगता येतं, आणि मागे पडत असेल तर पडदे लवकर पाडून चार दिवस कमावता येतात.

मी हे कसं शिकलो ते सांगतो. लागवडीनंतरच्या माझ्या पहिल्या निर्यातीच्या वर्षी खरेदीदाराने एक तारीख दिली आणि मी दहा माणसं लावून एकाच दिवशी संपूर्ण लाल कापला. काम झटपट उरकल्याचा आनंद झाला होता. माल वेळेवर आला, पण सगळाच्या सगळा चार दिवसांत. शीतगृहात बादल्या ठेवायला जागा नाही, ग्रेडिंगला माणसं नाहीत, दुपारी दोनला बेडवर फुलं उमलताना उभं राहून बघत होतो. निर्यातीला घट्ट कळी लागते, अर्धवट उमललेलं कुणी घेत नाही. खरेदीदाराने ठरल्यातला जेमतेम तिसरा हिस्सा उचलला आणि फोन घ्यायचा बंद केला. उरलेलं टेम्पोत घालून पुण्याला नेलं, तर तिथे सगळ्या मावळाचा नाकारलेला माल आधीच येऊन पडलेला.

तेव्हापासून मी चार टप्प्यांत कापतो, तीन-चार दिवसांच्या अंतराने. तुमच्या ५४ दिवसांनी हिशेब केला तर ५ डिसेंबरचा कट २८ जानेवारीला आणि १६ डिसेंबरचा ८ फेब्रुवारीला येतो. निर्यातीची खिडकी साधारण एवढीच असते. देशातल्या बाजाराला त्याच्यापुढे आणखी तीन-चार दिवस मिळतात. त्यामुळे ५, ९, १२ आणि १६ असे चार टप्पे करा. जोमदार बेड शेवटी कापा, थंड बाजूचे आणि सावलीचे आधी. कट मारण्याआधीचे तीन आठवडे फुलं फार ओढून घेऊ नका, बारीक फांद्या वाकवून पानोरा वाढवा. झाडाला एकाच वेळी शेकडो डोळे फोडायचे असतात, त्याची शिदोरी पानांतच असते. पिवळ्याला यातून पूर्ण वगळा.

पडद्यांचं एक अवघड आहे आणि त्यावर माझ्याकडेही सोपं उत्तर नाही. डिसेंबरात संध्याकाळी साडेचार-पाचला पडदे पाडले तर ऊब टिकते, रात्री पारा फार खाली जात नाही, तुमचे ते सात दिवस वाचतात. लालच्या पाकळ्यांच्या कडा थंडीने काळ्या पडणं आणि बोंड चेपलेलं, बैलाच्या डोक्यासारखं येणं, हेही कमी होतं. पण बंद घरात पहाटे दमटपणा ९० च्या वर जातो, पानांवर दव बसतं आणि डाउनीला आमंत्रण मिळतं. डाउनी आली की पानं नुसता धक्का लागला तरी गळतात आणि महिनाभराची मेहनत चार दिवसांत जाते. मी असं करतो: पडदे पूर्ण न पाडता वर वीतभर फट ठेवतो, संध्याकाळी पाणी अजिबात सोडत नाही, दुपारी दोननंतर फवारा मारत नाही आणि सकाळी ऊन छपरावर आलं की लगेच पडदे उघडतो, दहा वाजायची वाट बघत नाही. दोन-तीन दिवस सलग ढगाळ असतील तर उबेचा मोह सोडतो आणि पडदे उघडेच ठेवतो. तुमच्याकडची हवा मावळापेक्षा कोरडी आहे, तेवढी फट तुम्हाला कमी चालेल. उलट उन्हाळ्यात तुम्हाला लाल कोळीचा त्रास आमच्या दुप्पट होणार. त्याला औषधं बदलत बसण्याआधी पानांची खालची बाजू सकाळी दाबाच्या पाण्याने धुऊन काढत जा.

टॉनिकचं तुम्ही पुन्हा विचाराल म्हणून लिहितो. दुकानदाराने सांगितलेल्या बाटलीत बहुधा जिबरेलिक अ‍ॅसिड किंवा समुद्रशेवाळाचा अर्क असतो. जिबरेलिकने पेर लांबतं, पण मान बारीक होते आणि बोंडाच्या वजनाने ती बंचमध्येच लवते. समुद्रशेवाळाने नुकसान नाही, फायदा मात्र मला वहीत कधी दिसला नाही.

जात बदलायचा विचार लागवडीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी करा, तेव्हा झाडं तशीही थकतील. तेव्हा पत्रक बघू नका. तुमच्याच भागात, तुमच्यासारख्याच पाण्यावर दोन पावसाळे काढलेला प्लॉट जाऊन बघा, आणि बघायला ऑगस्टमध्ये जा. जानेवारीत सगळ्याच जाती देखण्या दिसतात.

आत्ता लोकर आणा. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही जातींत वीस-वीस फांद्यांना बांधा, त्यांची फुलं नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत तोडून होतील. त्या वहीच्या पानांचा फोटो काढून मला पाठवा. ५ डिसेंबरच्या आधी तुमच्या घराचा स्वतःचा आकडा हातात असेल, आणि वरच्या चार तारखा त्याप्रमाणे मागे-पुढे करू.